डाव्या हाताचे टाके

गाणं शिकवणाऱ्या मास्तरांच्या बायकोचा कोट टेबलावर पडला होता आणि त्याला बाह्या नव्हत्या.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मास्तरांनी कोट तेव्हापासून कपाटात जपला होता. गेल्या महिन्यात त्याला कसर लागलेली दिसली म्हणून धुवायला टाकला, आणि लाँड्रीतून तो गेला थेट बेकरीवाल्याच्या घरी. बेकरीवाल्याच्या मुलीला वाटलं, आईनेच जुनं काहीतरी बाहेर काढलंय. तिने बाह्या कापून मस्तपैकी जाकीट केलं. आता त्या पोरीची तरी काय चूक? आत कॉलरखाली खूण तिच्याच घरची होती.

मास्तर शनिवारी येऊन गेले. भांडले नाहीत, तेच वाईट झालं. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला लाँड्री सांभाळणारी ताई पुरून उरायची. तिचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं होतं. पण मास्तरांनी कोट हातात घेतला, बाह्या असायच्या तिथे बोटं फिरवली आणि "असू द्या" एवढंच म्हणून निघून गेले. कोट त्यांनी नेलासुद्धा नाही.

त्यामुळे रविवारी, मशिनी बंद असताना, घरची माणसं कपडे निवडायच्या खोलीत जमली होती. ताई सगळ्यात थोरली. तिने लग्न केलं नाही, लाँड्रीशीच संसार केला. तिच्या पाठचा भाऊ, त्याची बायको, आणि शेंडेफळ चिमी. चिमी पन्नाशीला आली, मोठ्या इस्पितळात सिस्टर झाली, तिच्या हाताखाली पाच-पंचवीस पोरी राबतात, पण घरात ती अजून चिमीच. आणि खिडकीशी, वेताच्या खुर्चीत, आई. ती मांडीवर टॉवेल घेऊन त्याचे दोरे उपसत बसली होती. बैठक तिच्याबद्दलच होती. तिला तेवढं सोडून सगळ्यांना ते माहीत होतं.

ताईला मात्र आणखी एक गोष्ट माहीत होती, सकाळपासून.

या लाँड्रीत नंबरांच्या चिठ्ठ्या कधीच नव्हत्या. चिठ्ठी पाण्यात विरते, दोरा टिकतो, असं आजी म्हणायची. आजीचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रत्येक घराला आपला रंग आणि आपला टाका. वकिलांना हिरवी फुली, दवाखान्याला तांबडे दोन, बेकरीला पिवळे तीन, मास्तरांना तपकिरी एक आडवा. लिहून ठेवलेलं काही नाही. लिहिलं की डोकं आळशी होतं, हेही आजीचंच. आजीने आईच्या डोक्यात घातलं, आईने ताईच्या. शेवटी शेवटी आजीला काय झालं होतं, ती पहाटे उठून कुणाला हाका मारायची, ते मात्र या घरात कोणी बोलत नसे. आजी "थकली होती", एवढंच बोलायची पद्धत होती.

तर, सकाळी सगळे यायच्या आधी ताईने कोट उलटा करून कॉलरखाली पाहिलं. पिवळे तीन टाके. आईचे असणार म्हणून तिने चष्मा लावला, खिडकीकडे नेलं, आणि पुन्हा निरखून पाहिलं.

टाके डावीकडे झुकलेले होते.

घरात डावखुरी एकटी ताई. लहानपणी आईने चमचा उजव्या हातात देऊन पाहिला, पट्टीचा मारही दिला, पण सुई काही डाव्या हातातून सुटली नाही. आईचा टाका उजवीकडे कलतो, ताईचा डावीकडे. घरात हे सगळ्यांना माहीत, पण खूण ओळखताना बघायचा तो रंग. टाका कुठे झुकलाय ते कोण बघतंय?

हे टाके तिचेच होते. कधी घातले ते तिला आठवत नव्हतं. बरं, तेही एक वेळ ठीक. दिवसभरात शेकड्याने कपडे येतात. पण कोट दुकानात आलेलाच तिला आठवत नव्हता. इतका जुना, मखमली कॉलरचा कोट. मास्तर तो घेऊन आले असतील, काहीतरी बोलले असतील, बायकोचं नाव घेतलं असेल. तिने "बसा मास्तर" म्हटलं असेल. कुठे गेलं ते सगळं? तिने आठवायचा प्रयत्न केला तेव्हा तिथे काहीच नव्हतं. पुसट नाही, अर्धवट नाही, काहीच नाही.

तिने कातरी उचलली होती. तीन टाके काढायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात भावजय चहाचा ट्रे घेऊन आत आली आणि ताईने कातरी पदराखाली घेतली. चोरासारखी, आपल्याच घरात.

"मी स्पष्ट बोलते," आता भावजय म्हणत होती. "उगाच मागून कुणी म्हणायला नको की सुनेने सासूला घालवलं. मला आई जड नाहीत. इतकी वर्षं केलं, अजून करीन. पण हे बघा." तिने टेबलाखालून गाठोडं काढलं. दवाखान्याची चादर, कुणाचा तरी फ्रॉक, दोन शर्ट. "ही महिन्याभरातली. सगळ्यांवर भलतीच खूण. चादर वकिलांकडे गेली, शर्ट दवाखान्यात. लोक हसण्यावारी नेतात म्हणून बरं. उद्या संसर्गाच्या वॉर्डातलं काही तान्ह्या मुलाच्या घरी गेलं म्हणजे?"

"आई रोज इथे येऊन बसते ना?" चिमीने विचारलं.

"दुपारी मी इस्त्रीवर असते. मागे वळून बघते तर आई गठ्ठ्यात हात घालून बसलेल्या, हातात कातरी! दोनदा काढून घेतली."

भाऊ टेबलाच्या कडेला नख घासत होता. लहानपणी मार पडणार असला की तो हेच करायचा. "कोट दुकानात कोणी घेतला ते मी मास्तरांना विचारलं," तो म्हणाला. "त्यांच्या लक्षात नाही, तेही ऐंशीला आले. पण ताईने घेतला असता तर तिला आठवलं असतं. म्हणजे राहिलं कोण?"

ताईने चहाचा घोट घेतला.

"वृद्धांच्या संस्थेत जागा आहे," चिमी म्हणाली. "मी स्वतः बघून आलेय. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत. उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणाले. आज 'हो' म्हटलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल."

"उद्या?" भाऊने मान वर केली. "उद्याच?"

"मग काय मुहूर्त काढणार आहेस? दादा, मी रोज बघते रे. घरात ठेवायचं, ठेवायचं म्हणतात, आणि एक दिवस बाई रस्त्यावर सापडते, नाहीतर भाजून घेते. इथे खाली बॉयलर आहे. वाफेचा व्हॉल्व्ह उघडला तिने तर?"

"तिच्याने तो व्हॉल्व्ह फिरायचा नाही."

"तुला काय माहीत तिला काय जमतं नि काय नाही?"

हे ताईला माहीत होतं, एकट्या ताईला. गेल्या हिवाळ्यापासून आईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हात थरथरायचे. पहिल्यांदा ती रडली होती. मग ताई गुपचूप सुई ओवून द्यायची आणि आई ती नुसतीच धरून बसायची. आई टाके काढायची हे खरं, काढायला ताकद लागत नाही. पण एका रेषेत तीन टाके घालणं तिच्या हातून आता होणं नव्हतं. एवढं एक वाक्य बोललं की आई सुटत होती.

आणि मग पुढचा प्रश्न आलाच असता. मग कोणी घातले?

ताईने ते वाक्य जिभेवर आणलं आणि गिळून टाकलं. खोटं कशाला बोला, त्या घटकेला तिच्या मनात आलं, आई काय, तिला कुठे बसवलंय ते तरी कळणार आहे का? संस्थेतही खिडकी असेल, टॉवेल असेल. आपल्याला मात्र कळेल, प्रत्येक गोष्ट कळेल. हा विचार आला नि तिची तिलाच किळस आली, तरी ती गप्पच बसली.

"ताई, तू बोल ना," भाऊ म्हणाला. "तू 'हो' म्हटल्याशिवाय मी काही करणार नाही."

"मी काय बोलू?"

"अरे वा! सगळ्या गल्लीला अक्कल शिकवतेस आणि आज मी काय बोलू!"

"तिला त्रास होतोय दादा," चिमी म्हणाली. "सगळ्यात जास्त तीच आईजवळ असते."

चिमीने ताईच्या पाठीवर हात ठेवला. ताईला तो झटकून टाकावासा वाटला. हाताला कळेल, असं तिला उगाचच वाटलं. परवाची गोष्ट कळेल. परवा ती दोरे आणायला कोपऱ्यापर्यंत गेली होती. परत निघाली, आणि घराकडे कुठून वळायचं तेच कळेना. गल्ली तीच, दुकानं तीच, चांभार नेहमीच्या जागी बसलेला. पण डावीकडे की उजवीकडे? ती चांभारासमोर उभी राहून चपलेचा पट्टा तपासल्यासारखं करत राहिली, घाम फुटेपर्यंत. शेवटी भावजयीची धाकटी मुलगी सायकलवरून गेली, तिच्या मागोमाग ती घरी पोचली. त्या दिवसापासून ती कोपऱ्यापर्यंत गेलीच नव्हती. गुडघा दुखतो, म्हणाली होती.

"आपण आईंनाच एकदा विचारू या का?" भावजय म्हणाली. "पाठीमागे ठरवलं असं नको व्हायला."

"तिला काय सांगता येणार आहे?" चिमी म्हणाली.

पण भावजय उठलीच होती. ती कोट घेऊन खिडकीशी गेली, खाली वाकली, आणि कॉलर उलटी करून आईच्या डोळ्यांसमोर धरली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट फार सांभाळून बोलत होती बिचारी. "आई, हे बघा. ही खूण तुम्ही घातलीत का हो?"

आईने टॉवेल सोडला. कोटाकडे पाहिलं, मग एकेका चेहऱ्याकडे. इतकी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणजे आपल्या हातून काहीतरी झालंय, एवढं तिला समजलं असावं.

"मी नाही हो," ती म्हणाली. "मी इथेच बसलेय."

"रागवत नाही आई, फक्त विचारतेय."

"मी नाही." आईने हात मांडीखाली लपवले. मग तिला स्वतःचीच शंका आली. "का मीच? मीच केलं असेल. मला काही समजत नाही हो. केलं असेल मीच. मारू नका."

"मारतंय कोण आई!" भाऊ ओरडला आणि त्याचा आवाज फाटला. चिमीने तोंड फिरवलं.

केलं असेल मीच, मला समजत नाही. सकाळी खिडकीपाशी कोट धरून ताई स्वतःशी हेच म्हणाली होती, अगदी याच शब्दांत. फक्त तिला ते लपवता येत होतं, आणि आईला येत नव्हतं.

"आईने नाही केलेलं," ताई म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. भावजय आईचे हात चोळत होती.

"अरे ऐका! आईने नाही. मी केलंय."

भाऊ हसला. आधी हसलाच तो. "ताई, पुरे. आईला वाचवायला स्वतःवर घेऊ नकोस. हे काय लहानपणी काच फुटल्याचं भांडण आहे?"

"सुई आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

चिमीने सुई-दोरा पुढे केला. ताईने पिवळा दोरा ओवला, पहिल्या झटक्यात, आणि कोटाच्या कॉलरवर त्या तीन टाक्यांच्या शेजारी आणखी तीन घातले. डाव्या हाताने. मग कोट टेबलावर भाऊपुढे सरकवला. "रंग बघू नकोस. कुठे झुकलेत ते बघ."

भाऊने पाहिलं. त्याने चादर ओढली, तिची कड उलटली. मग फ्रॉक, मग दोन्ही शर्ट. प्रत्येक टाका पाहून झाला तसा त्याचा हात मंद होत गेला. शेवटचा शर्ट त्याने घडी घालून ठेवला आणि त्या घडीवर हात ठेवून बसून राहिला.

"घाईत झालं असेल," तो म्हणाला. "दिवसाला इतके कपडे. चुकतो माणूस."

"कोट आलेला मला आठवत नाही," ताई म्हणाली. "आजसुद्धा आठवत नाही. तुम्ही सांगताय म्हणून आला म्हणायचं." आणि एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबवेना. चांभारापाशी उभं राहिल्याचं तिने सांगितलं. गुडघ्याचं खोटं होतं हे सांगितलं. दुकानात आलेल्या माणसाचं नाव येत नाही तेव्हा ती "काय, बरे आहात ना?" म्हणत त्याला बोलतं ठेवते, हेही सांगितलं. "मला भीती वाटते रे," ती म्हणाली. "मला फार भीती वाटते."

भाऊ तिच्याकडे बघेना.

"कधीपासून?" चिमीने विचारलं. आवाज सिस्टरचा होता, चेहरा नव्हता.

"मला काय माहीत? विसरायला कधी लागले ते कसं लक्षात राहणार?"

याच्यावर एरवी सगळे हसले असते. ताईचे विनोद असेच असायचे.

"हे बघ," चिमी भरभर बोलू लागली, "सगळं तेच असतं असं नाही. थायरॉईड असेल, रक्त कमी असेल. झोप नसली तरी होतं. उद्या तपासण्या करू, मी स्वतः नेते तुला, डोक्याचा फोटोही काढू. आधीच काहीतरी मनात धरून बसू नकोस. आजीला होतं, आईला आहे, म्हणून तुलाही..." ती मध्येच थांबली. "म्हणजे मग मलाही," ती हळूच म्हणाली. आजी फक्त थकली होती, असं त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

"गाडीला नको म्हणून सांग," भाऊ म्हणाला. "आई कुठेही जाणार नाही."

"हो, सांग," भावजय म्हणाली. मग ती स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "सांग. पण मी एकटी आहे हो. दोघींचं मी एकटी कसं करू? माझा जीव घाबरा होतो, मी काय दगड आहे का?"

ताईला तिचा राग आला नाही. खरं बोलली होती ती. सकाळपासून त्या खोलीत आपल्याखेरीज पहिल्यांदाच कोणीतरी नुसतं खरं बोललं होतं, आणि ताईला तिच्याबद्दल माया दाटून आली. इतकी वर्षं नणंदपणा केला, हळद लागल्या दिवसापासून हिच्या इस्त्रीला नावं ठेवली.

"अगं, ये इकडे," ताई म्हणाली. "रडायचं नंतर. माझ्याजवळ बस. खुणा शिकून घे."

"आत्ता?"

"मग कधी? माझ्याकडे आहेत तोवर घे. आईने मला याच टेबलाशी शिकवल्या. हवं तर लिही, आजी काही बघायला येत नाही. भाऊ, तो धुतलेला गठ्ठा ओत इथे."

भाऊने गठ्ठा ओतला. भावजयीने डोळे पुसले आणि एकेक कपडा उलटा करून पुढे धरू लागली. ताई सांगू लागली. हिरवी फुली, वकील. निळे दोन उभे, मुख्याध्यापिका, त्यांच्या परकराला स्टार्च नको. जांभळा एक, तो विधुर शिंपी, स्वतः शिंपी असून बटणं तुटलेली पाठवतो. तांबडे दोन, दवाखाना, वेगळं उकळायचं. नारिंगी तीन, त्या जुळ्या बहिणी, एकमेकींचे कपडे मिसळले की आपल्यालाच बोल लावतात. ती अडखळत नव्हती. रंग बघायच्या आधी बोटाला घर कळत होतं. तिचा आवाज नेहमीसारखा चढला, भावजयीला दोनदा "लक्ष कुठाय?" म्हणून टोकलं तिने, आणि भाऊच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला.

"बघ!" चिमी म्हणाली. "सगळं आहे की हिच्या डोक्यात. मी म्हणत नव्हते, थायरॉईडच असेल."

"माझ्यापेक्षा चांगलं आहे," भाऊ म्हणाला. "मला माझ्या बायकोची जन्मतारीख येत नाही."

"ती तुम्हाला कधीच येत नव्हती," भावजय म्हणाली, आणि खरोखरच सगळे हसले. ताईसुद्धा हसली. आईने खिडकीपासून मान वळवली, सगळे हसतायत बघून तीही हसली.

भावजयीने पुढचा कपडा ओढला. उशीचा अभ्रा होता, पांढरा, धुऊन धुऊन मऊ झालेला. त्याची कड उलटून तिने तो ताईच्या हातात दिला. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्याचं छोटंसं वेटोळं.

ताईने त्यावर अंगठा फिरवला. मग चष्मा नीट केला आणि अभ्रा उजेडात धरला. भाऊ अजून हसत होता, बोलण्याच्या बेतात होता. तो गप्प झाला.

"हे जुनं गिऱ्हाईक दिसतंय," ताई म्हणाली. "कोण ते आत्ता येत नाही जिभेवर, पण माणसं चांगली असणार. कापड बघ किती जपून वापरलंय."

चिमीने तोंडावर हात दाबून धरला होता.

भावजयीने ताईच्या हातातून अभ्रा घेतला आणि त्याची सावकाश घडी घातली.

"हो ताई," ती म्हणाली. "चांगली माणसं आहेत."

खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगावरच्या कपड्यांना आतून तेच वेटोळं होतं.